नाव टाकून मिळेल

भांडीबाजारात आमची पाटी आहे :
‘नाव टाकून मिळेल.’
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.
नाना छिन्नीनं टाकायचे, ठिपक्याला ठिपका लावून.
मी मशीननं. मशीन माशीसारखं गुणगुणतं,
स्टीलवर नाव पांढरं उमटतं,
तांब्यावर लाल.

मंगळवारी दुपारी, बाजार पेंगत असताना,
रिक्षा थांबवून एक बाई आल्या.
पोत्यात मोड : दोन पराती, झाकण हरवलेला डबा,
कडी तुटलेलं घंगाळ, एक तांब्या.
मुलगा फ्लॅट विकतोय म्हणाल्या,
पुण्याला एवढं ठेवायला जागा नाही.
पावतीला नाव विचारलं.
‘नीलिमा दत्तात्रय गर्गे.’
लिहिलं.

तांब्या पार काळा पडलेला.
तांबं की पितळ ते बघायला
बुडाला चिंच चोळली.
खालून आधी नाना आले :
त्यांचा ‘अ’ मी कुठंही ओळखतो,
पोट फुगलेलं, शेपूट आखूड.
मग पुढची अक्षरं.
‘अरुणा,’ मी वाचलं, सहज, मोठ्यानं.

बाईंनी मागं वळून पाहिलं.
मागं फक्त रिक्षावाला होता, तंबाखू मळत.

मग स्टुलावर बसल्या.
तांबडं फुटताना झाले मी, म्हणाल्या,
म्हणून आत्यानं कानात कुर्र करून हेच सांगितलं.
तांब्या मामांचा, लग्न ठरलं तेव्हा केलेला.
सासरी थोरली जाऊ अरुणाच निघाली.
एका घरात दोघी कशा चालणार?
ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं लिहिलं,
मी वाकून वाचलं : नीलिमा.
हळदीकुंकवाला, बारशाला, दारात अडवून
सगळ्यांनी मला नाव घ्यायला लावलं.
ह्यांचं.
आणि ते ताटातले तांदूळ
दुसऱ्या दिवशी भातात गेले.

मला संस्कृत येत नाही.
पण अरुण म्हणजे काय ते आमच्या धंद्यात कळतं :
भट्टीतून पत्रा बाहेर येतो, त्या क्षणाचा रंग.
सूर्याचा सारथी तो. पांगळा म्हणे, मांड्याच नाहीत,
तरी रोज मालकाच्या आधी पोचतो.
मुलीला द्यायचं तर फक्त एक काना वाढतो,
आणि काना आम्ही फुकट टाकतो.

अरुणा नावाची नदीही आहे की आपल्याकडे.
रामशेजेकडून येते म्हणतात,
पंचवटीत वर रस्ता, दुकानं, उभ्या गाड्या,
खालून ती.
रामकुंडात उतरली की तिला कुणी अरुणा म्हणत नाही.
आम्ही तर गोदावरीलाही गंगाच म्हणतो,
‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो आणि भाजी घेऊन येतो.
नावाच्या बाबतीत या गावाचा भरवसा धरू नये.
एका बाईचं नाक कापलं, त्यावरून गावाला नाव पडलं म्हणे,
त्या बाईचं नाव मात्र
अजून कुणी मुलीला ठेवलेलं ऐकलं नाही.

यातलं त्यांना काहीच बोललो नाही.
एवढंच म्हटलं, तांब्या राहू द्या, नाव आहे त्यावर.
‘नाव किलोवर धरता का?’
नाही, मोडीत नाव धरत नाहीत.
‘मग घ्या.’

नोटा मोजून पर्समध्ये ठेवल्या,
पायरी उतरल्या, आणि उभ्या राहिल्या.
‘मघाचं पुन्हा एकदा वाचता?’
तांब्या तोवर ढिगात गेला होता.
न बघताच म्हणालो : अरुणा.
‘ओ,’ त्यांनी ओ दिली,
परकर सावरत पळत येणाऱ्या पोरीसारखी,
आणि रिक्षात बसल्या.

कार्बनखालच्या पावतीवर नीलिमाच आहे.
शनिवारी भट्टीवाला येतो.
तांब्या मी अजून पोत्यात टाकलेला नाही.
टाकणारच नाही, असंही नाही.