मत्रहचा ठिपका

नकाशात नावं नसतात. नुसते आकडे:
कोणी कोणाला फोन केला, किती मिनिटं.
मी ठिपके रंगवते.
निळे बंदरावरचे बलुची, हिरवी मलबारी दुकानं,
शेंदरी आपलं मंडळ,
राखाडी दाभोळकडची घरं.
ठिपक्याला रंग एकच, असा नियम.

हा एक ऐकत नाही.
रविवारी निळा निघाला, सोमवारी शेंदरी.
साहेब म्हणाले, चूक असेल, काढून टाका.

शेवटचे आकडे सात, सात, दोन.
अरे, हा तर मुश्ताक परकार,
एसी दुरुस्तीवाला!
धक्क्यावर बर्फाचं यंत्र अडलं की बलुचीत शिव्या देतो,
कुंजुमोनच्या फ्रीजशी मल्याळम बोलतो,
गणपतीत आमच्या माळा जोडायला शिडीवर,
आणि रात्री अकराला आईशी
जी बोली बोलतो, ती मला अर्धीच कळते.
मी खाडीच्या अलीकडची, गुहागरची.

नियम सैल केला.
ठिपक्याच्या चार फाका झाल्या.
मग शेजारचेही उलू लागले,
सगळं मत्रह, फुटाणे भाजावेत तसं.

घाबरत माझा नंबर शोधला.
शेंदरी. आणि कडेला
फिका राखाडी.

एसी तसा माझा
वारंवार बिघडतो.