तीन

ऋतुजानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.
"मामा, ही राहण्यालायक शहरांची यादी.
दोघांचंही काम घरून, म्हणजे कुठंही राहता येतंय.
पहिली पाच बघतोय आम्ही."
मग बोट सरकवत, सरकवत, बरंच खाली नेऊन,
"हे आपलं."

मी चष्मा पुसला.
सांगलीच्या पुढं एक आकडा होता, दशांशचिन्हासकट.
त्या दशांशाला मी ओळखतो, पोरी.
रोजाच्या भत्त्यावर मीच जन्माला घातलाय त्याला.

बारा दिवसांचं काम. फॉर्ममागं अठरा रुपये.
एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम,
आणि मधे तीन:
दारात उभ्या माणसाला लवकर घालवायचं असलं
की जो आकडा तोंडात येतो, तो.

मार्केट यार्डात आक्काताई लेंगरे हळद चाळत होत्या.
हवा कशी आहे, म्हटलं.
त्या शिंकल्या. पदर, पापण्या, शिंक, सगळं पिवळं.
"ह्या हवेवर दोन पोरी उजवल्या. वाईट कशी म्हणू?
पण खोकला बी तिचाच."
मी तीन लिहिले.

मिरजेत बाबालाल सतारमेकर
भोपळ्याला कान लावून बसले होते.
परिसरातला आवाज?
"कुठला? जुळलेला का न जुळलेला?"
असा रकाना नव्हता.
तीन.

शामरावनगरात एक बाई विटांवर पाय टाकत दारापर्यंत आल्या,
म्हणाल्या, आधी तुम्ही सांगा, चपला कुठायत तुमच्या?
चपला माझ्या हातात होत्या.
त्यांनी एक सांगितला, मी एकच लिहिला.
संध्याकाळी वरून फोन:
तुमच्याकडनं एक फार येतायत, जरा बघा.
मी बघितलं.

शेवटची छत्तीस घरं तर मी पाहिलीच नाहीत.
हरभट रोडला एका पायरीवर भडंगाची पुडी सोडली
आणि तेलकट अंगठ्यानं
छत्तीस कुटुंबांचं सुख भरून टाकलं.
तीन, तीन, तीन,
एका घराला चार, आडनाव आवडलं म्हणून,
परत तीन.

तुझ्या त्या पहिल्या पाचांतही
असाच कुणी पायरीवर बसला असणार,
त्याच्या गावचं जे काय मिळतं ते खात.
त्याचा हात जरा सैल असेल, इतकंच.

ऋतुजा हसली. मग थांबली.
"मग काय बघून ठरवायचं?"

इथं मला नदी काढता आली असती, घाट, माणुसकी.
पण माणुसकीलाही एक प्रश्न होता त्या फॉर्मात,
शेजारी मदतीला येतात का,
आणि तिथंही मी तीनच लिहून आलोय.
शिवाय तिला सातवा महिना.
दवाखाना किती लांब, नळाला पाणी किती वेळ,
हे मोजायलाच पाहिजे.
मोजणारा माझ्यासारखा नको.

एकच आकडा ह्या गावात कुणी पायरीवर बसून भरत नाही.
पावसाळ्यात, रात्री दोनला,
फोन उचलला की हॅलोच्या आधी विचारतात:
आयर्विनला किती?
चाळीसला फ्रिज टेबलावर चढतो.
पंचेचाळीसला म्हातारी माणसं विश्रामबागेत, पाहुण्यांकडं.
तिथं मधला आकडा सांगून कुणाला घालवता येत नाही.
पुलाला फूट रंगवलेत
आणि नदी स्वतः येऊन फॉर्म भरते.

म्हटलं, जा तू. पहिल्या नंबरच्याच गावात जा.
आधी दोन महिने भाड्यानं राहा.
कधीतरी अपरात्री कुणाला तरी फोन करायची वेळ येईलच.
हॅलोच्या आधी तिकडं काय विचारतात,
तेवढं मला कळव.

तिनं शीटमधे खरंच एक रकाना वाढवला.
वर काय लिहायचं ते सुचलं नाही तिला.
तसाच मोकळा ठेवून
ती पुढं गेली, घरभाड्याकडं.