सॅड केक

व्हर्ननला पुरून आम्ही परत आलो तेव्हा
इनिड ऑर्मरॉडच्या बुटांना अजून चिखल होता
आणि ती थेट पिठाच्या डब्याकडे गेली.
मैदा, डुकराची चरबी, मूठभर काळे बेदाणे,
फुगवायला काही नाही.
लाटलं, सुरीने चरे ओढले,
ताटाएवढा गोल ओव्हनमध्ये सरकवला.
'सॅड केक,' मला म्हणाली. 'फुगत नाही ना, म्हणून.'
बेकपमधल्या गिरण्या चालू होत्या तेव्हा
तिची आई फडक्यात गुंडाळून हाच न्यायची,
मागावरून हात न काढता खायची.

घर भरलं. ओले कोट जिन्याच्या कठड्यावर.
कथबर्ट लोमॅक्स, निवृत्त इंग्रजी शिक्षक,
तिसऱ्या तुकड्याला लोणी थापताना त्याला राहवेना.

दुःख नव्हतंच त्या शब्दात, म्हणाला.
हजार वर्षांपूर्वी सॅड म्हणजे जेवून तट्ट झालेला,
आता वाढू नका म्हणत हात आडवा धरणारा.
जर्मन माणूस अजूनही ताट सारताना
त्याच शब्दाच्या भावंडाने ढेकर देतो.
मग पोट भरलेला जड झाला,
जड तो हलेना, हलेना म्हणून पक्का,
पक्का म्हणून गंभीर.
एके काळी, बाई, सॅड म्हटलं की ती स्तुती असायची,
त्याच्या भरवशावर मुलगी द्यावी असा माणूस.
गडद रंगाचं कापड सॅड,
चिकटून बसलेली माती सॅड,
न फुगलेली भाकरी सॅड.
आणि मग कधीतरी
ते सगळं वजन आत सरकलं.
कधी, ते नक्की सांगता येत नाही.
(इथे त्याने तुकडा संपवला.)

परसदाराला अडण म्हणून लावलेली
जुनी लोखंडी इस्त्री बुटाने दाखवत म्हणाला,
हीसुद्धा सॅड आयर्न. रडते का ती?

कुणीतरी हसलं, मग हसल्याचं वाईट वाटून खोकलं.

ब्रायनी, व्हर्ननची नात, वय चौदा,
रेडिएटरला पाठ लावून फोनमध्ये.
तिच्या तोंडी तो शब्द दिवसातून वीसदा:
आजोबा शनिवारी पावसात घड्याळ घेऊन
कबुतरांची वाट बघत आभाळाकडे तोंड करून उभे,
सो सॅड.
त्यांची टोपी, सो सॅड.
आज सकाळपासून तिने तो एकदाही वापरला नव्हता.

'तुमच्यात काय म्हणतात?' लोमॅक्सने मला विचारलं.
मी त्या घरातली नर्स, शेवटच्या अकरा रात्रींची.
मी सांगायला गेले
की आमच्याकडे पोट भरतं,
ऊरही भरून येतो,
डोळेही भरून येतात.
क्रियापद तेच.
इंग्रजीत ते अर्धंच उतरलं.
त्याने कागदी रुमालावर लिहून घेतलं,
'भरून'चा 'भुरण' करून.

इनिड किटली धरून उभी होती.
'म्हणजे माझं पोट भरलंय, एवढंच ना?'
आणि कप न ओतताच खाली ठेवून म्हणाली,
'एक्कावन्न वर्षं. बरीच जेवले की मी.'

दिवे लागायच्या सुमाराला
छपरावर फडफड झाली.
शनिवारी सोडलेलं, ससाण्याने खाल्लं असं धरलेलं,
एक निळसर कबूतर, एक पंख वाकडा.
घड्याळ बंद पाडायला आता कोण?
सगळे खिडकीकडे वळले, जागचं कुणी उठलं नाही.

ब्रायनीने फोन ठेवला.
परसदार ओढलं, ते इस्त्रीवर अडलं.
वाकून तिने एका हाताने उचलून पाहिली,
मग दोन्ही हातांनी.
'केवढी जड आहे ही,' ती म्हणाली,
आणि तशीच पोटाशी धरून
पिंजऱ्याकडे निघाली.
खाली ठेवायची असते
हे तिला कुणी सांगितलं नाही.