एकसष्ट, एकसष्ट

तळपणच्या शाळेतले बाक बाहेर काढले होते.
फळ्यावर आदल्या दिवसाचा पाढा तसाच,
सतराचा, अर्धा.
पोर्तुगीज जाऊन वर्षही झालं नव्हतं
आणि आमच्या वाड्याला पंच निवडायचा होता.
तोवर रेजिदोर वरून यायचा,
आम्ही फक्त टोपी काढायचो.

विश्वंभर मास्तर पणजीच्या लिसेवात शिकलेले.
पेटीला लाख लावता लावता म्हणाले,
तिकडे अमेरिकेतल्या कुठल्याशा नव्या राज्यात
पहिला गव्हर्नर निवडला तेव्हा
ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मत.
रांगेतला इनास म्हणाला,
"मग आमचा भाटकार
एकटाच मत देऊन एकटाच निवडून आला असता."
हसले सगळे, पण खाली बघून.
भाटकार तीन माणसांपलीकडे उभा होता.

कंदील: उपेंद्र प्रभुदेसाय, भाटकार.
होडी: रुजार रेंदेर,
त्याच्याच माडांवर चढून सूर काढणारा.

दिवेलागणीला मोजणी झाली.
एकसष्ट, एकसष्ट.
आणि एक मत बाद,
शिक्का दोन चित्रांमधल्या बरोबर रेघेवर.
मास्तरांनी तो कागद उजेडात धरला,
उलटा केला, परत सुलटा केला.
कुणाचा, ते विचारायला कायद्यात जागा नव्हती.

मला माहीत होतं.
आदल्या रात्री आई तीनदा उठून बसली होती.
घर भाटकाराच्या जमिनीवर.
आणि बाबा बोटीवरून परतले नाहीत त्या वर्षी
रुजारनं आमची पेज चालवली,
कुणाला न सांगता.

चिठ्ठी काढायला लहान पोर हवं,
म्हणून मला पुढे ढकललं.
मास्तरांची टोपी, आत दोन घड्या.
हाताला चिंचेचा चिकटा.
मला जोडाक्षरं अजून यायची नव्हती.
बरं झालं, रुजारमध्ये एकही नाही.

लोक ओरडले. कुणीतरी फोग लावला.
आई मागे भिंतीला टेकून
पदराची गाठ सोडत होती, बांधत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुजार माडावर.
सूर थांबत नाही कुणासाठी,
कमरेला काती, खांद्याला दुदीणं,
पोयीवर हलकी टकटक.
खाली भाटकार आला,
हातात कसलासा कागद, पंचाची सही हवी होती.
बराच वेळ उभा राहिला.
घसा खाकरला, माडाच्या बुंध्यावर हात ठेवला.

वर बघून हाक मारायची
त्याला सवय नव्हती.