कानातला खडा

रविवारी दिवेलागणीला
इम्यॅन्युएल साळवे, ओझरच्या कारखान्यातला निवृत्त फिटर,
स्कूटरच्या फूटबोर्डावर थंडपेटी ठेवून
कॉलेजच्या मागच्या दाराशी येतो.
धड घरी तळून झालेलं. आमच्यासाठी डोकं.
"बत्तीस इंच, मॅडम. काय वय असेल?"

लांबी त्याला पाठ, गळाचा नंबर पाठ,
गंगापूर धरणाची कुठली कपार तेही,
पण ते तो कुणाला सांगत नाही.
फोटोत मासा हात ताणून पुढे धरलेला,
त्यामुळे साळवे स्वतः लहान दिसतो.

लांबीवर जाऊ नका, मी म्हणते.
खडस पहिली काही वर्षं भराभर वाढतो,
मग वाढणं परवडत नाही,
नुसता असतो.

कवटी उघडायची. मेंदूच्या मागे, जरा खाली,
चिमट्याला हलकंसं टक्क लागतं:
तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरा.
माणसं चुकल्यावर कानाला खडा लावतात.
हा तो कानात घेऊनच जन्मतो
आणि तरी गळाला लागतो.

राळेत बसवायचा, चिरायचा, काचेवर घासायचा.
हे काम पुंजाजी मेंगाळचं.
हुद्दा शिपाई. बोटांना ओल्या पॉलिश पेपरचा वास.
"जरा जास्त घासलं ना बाई,
की कडेची वर्षं जात्यात."
त्याचं नाव मी दोनदा निबंधात घातलं,
दोनदा वरून खोडून आलं.

दुर्बिणीखाली रुंद उजळ पट्टी, मग काळी रेघ.
पट्टी म्हणजे पोटभर. रेघ म्हणजे थंडी.
मी मोजायचं, त्याने मोजायचं,
एकमेकांना सांगायचं नाही,
आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी पालथी.

माझे दहा.
त्याचे नऊ.

पुन्हा डोळा लावला. सहाव्या रेघेशी
दोन रेघा इतक्या जवळ
की दारात दोघं एकदम अडकावीत.
"ह्या दोन्ही एकाच सालातल्या," तो म्हणाला.
"एक थंडीची.
दुसरी, खालच्यांसाठी दारं उघडली तेव्हाची.
बुडालेल्या शिवाराचे बांध वर आले होते,
मी पोराला दाखवायला नेलं होतं.
माशाला काय कळतंय साल कुठलं,
खायला नव्हतं एवढंच त्यानं लिवलं."

मी पुस्तकातला शब्द शोधत होते: खोटं वलय.
तो म्हणाला, खोटं कशाला? जास्तीचं म्हणा.

मग हात पुसता पुसता, सहज:
"माझ्यात बी एक जास्तीचं हाय.
आई म्हणायची, भाताच्या लावणीला झालास,
तिकडं वैतरणेला भिंतीचं काम निघालं त्या साली.
मास्तरनं एक जून टाकली.
पहिलीत बसावा म्हणून साल मागचं."

एकतीस मेला तो निवृत्त होणार.
फाइलमध्ये साठ.

वहीत मी लिहिलं: नऊ, कमी-जास्त एक.
आमच्या धंद्यात एवढी जागा ठेवतात.
कार्यालयाच्या फॉर्मवर तसा रकाना नसतो.

साळवेला फोन केला. नऊ, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
"म्हणजे सुझी होती तेव्हा हा बोटाएवढा होता,"
तो म्हणाला, आणि मग, "चवीला ठीक होता."

निरोपाच्या दिवशी स्टाफरूममध्ये
बडे बाबूंनी जन्मतारीख मोठ्याने वाचली.
टाळ्या. कागदी बशीत वेफर्स, एक पेढा.
पुंजाजीने मागच्या रांगेत मला शोधलं
आणि मांडीवरच्या हाताचं
एक बोट हळूच दुमडलं.