मागचा भोई

पश्चिम कशी असते म्हणून विचाराल
तर ती एक फळी आहे.
फळीवर हिरवा पोपट, चोचीचा रंग उडालेला,
पंखावर कुणाच्या तरी नखाचा ओरखडा.
इंदुरापासून बडोद्यापर्यंत, अठरा मुक्काम,
मी तो पोपट पाहत चाललो.
बाकीची पश्चिम पालखीच्या पुढं होती
आणि सटवाच्या तोंडून मागं यायची:

'डावीकडं काटा—'
काटा, म्हणायचो आम्ही मागचे.
'उजवा धोंडा, सुटा—'
सुटा.
'पायी पाणी, घोट्याएवढं—'
घोट्याएवढं.

एरवी आमचा दिवस जुन्या इंदुरात उगवायचा.
पहाटे खान नदीत जाळं,
लागली तर चार मरळ, नाही तर शेवाळ.
मग सराफ्याच्या तोंडाशी मेणा टेकवून बसायचं
खांद्याच्या घट्ट्याला तेल चोळत.
कुण्या शेठाणीला देवळात, कुण्या वैद्याला छावणीत,
कुण्या कारकुनाच्या सासूला उगीच लेकीकडं.
रात्री भागू त्या घट्ट्यावर डोकं टेकायची.
म्हणायची, उशी बरी आहे,
कापूस भरायचा तेवढा राहिला.

मार्गशीर्षात हुकूम आला.
फडणिसांची लेक बडोद्याला द्यायची.
आठ भोई, दोन मशालजी, एक खोकणारा हवालदार,
आणि आत नऊ वर्षांची नवरी.
बेटम्यापर्यंत ती रडली.
धारेला झोपली.
मही ओलांडताना पाणी मांडीला लागलं,
सटवा ओरडला, 'खोल—'
आणि आमच्या आधी आतून आवाज आला,
खोल!
तिथून पुढं प्रत्येक काटा आधी तिचा.

सकाळी आमच्या सावल्या
आमच्या आधीच बडोद्याकडं निघायच्या.
संध्याकाळी घरची ओढ लागल्यागत
मागं मागं लांबायच्या.
झाबुव्याच्या चढाला मी दम मोजायचो,
दोहदच्या रानात तोही मोजायचा सोडला.

बडोद्यात दारापुढं पालखी टेकवली.
आत शंभर बाया, वाजंत्री, हळदीचा वास.
सटवा सवयीनं म्हणाला,
'उजवीकडं पायरी—'
पायरी, ती म्हणाली,
आणि पदर सावरून उतरली.

मजुरी बाबाशाहीत मिळाली.
इंदुरात सराफ त्यावर बट्टा कापणार
हे मोजतानाच ठाऊक होतं.
दुसऱ्या दिवशी आगगाडी पाहायला गेलो.
एवढी माणसं आत, आणि खाली एकही खांदा नाही.
हवालदार म्हणाला, आता तुमचं कठीण आहे.
सटवा बराच वेळ इंजिनाकडं पाहत राहिला.
मग म्हणाला, हिला पुढचं कोण सांगतं?

परतताना गोध्र्याच्या अलीकडं त्याला ताप भरला.
हवालदारानं तोंड फिरवलं, तेव्हा
त्याला आम्ही पालखीत घातलं, मखमलीवर,
चिखलाच्या पायांसकट.
आणि पुढच्या दांडीला मी आलो.

पोपट नाही. समोर रस्ता,
केवढा तरी, आणि सगळा मीच सांगायचा.
'डावीकडं काटा—' मी म्हणालो.
काटा, म्हणाले मागचे.
आतून सटवा कण्हला,
'अरे मेल्या, जाताना डावीकडं होता.
आता उजवीकडं.'
खरंच उजवीकडं होता.
मी पाहिलंच नव्हतं. ऐकलेलं म्हणालो होतो.

रात्री मशालजीनं पालखीत उजेड धरला.
पोपटाच्या फळीला, आतल्या बाजूनं,
कुंकवाची बोटं उमटवलेली होती.
सटवानं पडल्या पडल्या मोजली.
सतरा, म्हणाला.
मुक्काम अठरा झाले होते.

हवालदार म्हणाला, पुसा ते,
फडणीस विचारतील.
मशालजीनं फडकं भिजवून आणलं.
सटवानं ते त्याच्या हातातून घेतलं
आणि आपल्या कपाळावर ठेवलं.