चार हजार तीनशे सोळा

पत्र इंग्रजीत होतं, अकरा ओळींचं, नम्र.
‘तुमच्या साठवणीविषयी.’
मी त्यातली तारीख तेवढी वाचली,
मग चष्मा पुसून परत तारीख.
हजारापर्यंत फुकट. त्यापुढचे फोटो,
जुन्यांपासून सुरुवात करून, काढण्यात येतील.

माझे चार हजार तीनशे सोळा.
सगळे लुगड्यांच्या काठांचे.
नेसलेली बाई एकातही नाही, नुसता काठ:
वडगावात दाराच्या कडीला अडकवलेला,
खासबागेत सायकलच्या हँडलवर,
एकदा सुळेभावीत जागाच मिळेना
तर उभ्या म्हशीच्या पाठीवर पसरून टिपलेला.
प्रत्येकाखाली माझ्या दोन ओळी,
कुणी विणला, कुठल्या मागावर,
नवरीसाठी, की बदली झालेल्या मास्तरणीसाठी.
गोमी. रुईफूल. करवत. गायदाडी.
आणि एक नुसताच ‘दुंडव्वाचा’,
त्याला दुसरं नाव कुणी ठेवलंच नव्हतं.

त्याआधी जिथं ठेवले होते
तिथून पत्रसुद्धा आलं नव्हतं.
एका सकाळी माझ्या ओळींच्या डोक्यावर
करडे चौकोन, प्रत्येकात एक मिटलेला डोळा.
तेव्हा एकेक करून हलवले, दोन महिने,
ऑफिसातून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

या वेळी म्हटलं, पैसे भरू. डॉलर.
कॅम्पातल्या बँकेत मी मराठीत विचारलं,
काउंटरवरच्या मुलीला ते कन्नडमधून कळलं,
ती हिंदीतून हसली,
आणि मशीननं इंग्रजीत नाही म्हटलं.

मग रात्री उतरवायला लावले.
पहिल्या रात्री ब्याण्णव टक्क्यांवर
हेस्कॉमनं लाईट घालवली.
दुसऱ्या रात्री मीच झोपले.
तिसऱ्या पहाटे सगळे घरी आले
पण नावं गाळून. नुसते आकडे.
नावं तिकडंच राहिली, काठांवाचून,
लग्नपत्रिकेतल्या कै. लोकांसारखी.

इराप्पा कामकरांकडं गेले.
आता त्यांच्या घरात पॉवरलूम, मुलगा चालवतो,
बोलायचं तर गल्लीत यावं लागतं.
‘काय घेऊन फिरूलालीस?’
मी फोन पुढं धरला.
त्यांनी आधी काचेवर बोट फिरवलं,
पोत बघायला.
काठ एकदम मोठा झाला, धागा धागा फुटला,
दचकून त्यांनी हात मागं घेतला.

‘गोमी,’ म्हणाले. ‘हा बी गोमी.
हा माझा न्हवं, माझा हात असा ढिला पडत न्हाई.’
अठ्ठावीस ओळखले. एकोणतिसाव्याला थांबले.
‘उलटा करून दाखव.’
मी फोन आडवा केला.
‘तसं न्हवं गा. उलटी बाजू.
वरनं कुणीबी फसतंय.
गाठी कुठं मारल्यात ते बघितल्याशिवाय
माणूस कसा वळखू?’

चार हजार तीनशे सोळा,
आणि उलटी बाजू एकाचीही नाही.
चौदा वर्षांत मला सुचलंच नव्हतं.

आतून गंगव्वा कौदी घेऊन आल्या,
नातवाच्या पायाशी असायची ती.
तिच्या एका कोपऱ्यात, बनियनच्या तुकड्याशेजारी,
हातभर काठ, उलटा शिवलेला,
विटलेला, गाठी वर.
इराप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला,
मग नाकाजवळ.
‘दुंडव्वा,’ म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत,
आतल्या मागाचा खडखडाट तेवढा चालू.

मी फोटो काढला. उजेड कमी होता, पुन्हा काढला.
फोन म्हणाला, जागा संपत आली आहे.
गंगव्वांनी विचारलं, ‘आता ह्ये कुठं ठेवणार?’
मला सांगता येईना.
‘ट्रंकेत ठेव,’ त्या म्हणाल्या,
‘आणि डांबराच्या गोळ्या घाल दोन.’
मग कौदी झटकून घडी घालू लागल्या.
दुसरं टोक मी धरलं.